डोळे पिवळे दिसले की आधी मिरा विचारा

नैरोबीत माझं औषधांचं दुकान आहे, गिऱ्हाईक बहुतेक सोमाली. "नशा करता का?" असं विचारलं की "नाही" म्हणतात, आणि त्यात खोटेपणा नसतो. मिरा, म्हणजे तरतरीसाठी ज्याची कोवळी पानं आणि देठ चावतात ते 'खात' नावाचं झुडूप, केनियातल्या मेरूच्या डोंगरात पिकतं. काही चावणाऱ्यांचं यकृत त्याने सुजतं आणि डोळे पिवळे होतात. ब्रिटनने २०१४ साली त्यावर बंदी घातली, पण इथे ते राजरोस नगदी पीक आहे. त्याला नशा कोण म्हणणार? म्हणून नाव घेऊन विचारायचं: काल दुपारी मिरा चावलात का? किती जुड्या? किती वर्षं?

एक ट्रकवाला ॲसिडिटीची गोळी मागायला आला. काखेत केळीच्या पानात गुंडाळलेली ताजी जुडी, गाल फुगलेला. ट्यूबलाइटखाली काही कळेना. त्याला दारात उन्हात उभं केलं, खालची पापणी ओढून पाहिली, तर डोळा हळदीसारखा. लघवी कोऱ्या चहासारखी होते, हे विचारल्यावर सांगितलं.

अशा वेळी यकृताच्या रक्ततपासण्या, म्हणजे बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, आणि रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी करून घ्या. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई यांच्या तपासण्याही करा, क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा. मिरा चावतो म्हणून दुसरं कारण असणार नाही, असं धरून चालू नका. मात्र विषाणू सापडले नाहीत, तर मिऱ्याचा संशय बळावतो. या दुखण्याचे रिपोर्ट कधीकधी ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तो आजार) दिसतात, म्हणून त्या अँटिबॉडीजही बघाव्या लागतात. स्टेरॉइड द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

मिरा पूर्ण बंद. "अर्धी जुडी चालेल का?" हे सगळेच विचारतात. नाही चालणार. बरं वाटलं म्हणून परत चावायला लागलेल्यांचं यकृत पुन्हा सुजल्याच्या नोंदी आहेत. सोडल्यावर काही दिवस सुस्ती येते, मन उदास राहतं, वाईट स्वप्नं पडतात. घरच्यांनी तेव्हा त्याला आळशी म्हणू नये, दुपारी चावायला बसण्याच्या वेळेला त्याच्याजवळ बसावं. पॅरासिटामॉल मनाने देऊ नका, काविळीची झाडपाल्याची औषधंही नकोत. मिरजेहून सासूबाईंनी पाठवलेली पुडीसुद्धा मी कुणाला दिलेली नाही.

माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. सकाळ होईपर्यंत थांबू नका. आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: हा मिरा चावतो.