स्टॅश पॉप केला, कॉन्फ्लिक्ट आला, तरी केलेलं काम जात नाही

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात राहून मी कोड शिकले. आईच्या वहीत कापूस वेचणीचा हिशोब असायचा: बाईचं नाव, किलो, मजुरी. तोच हिशोब मोबाईलवर यावा म्हणून मी आणि नागपूरला शिकणारी माझी मैत्रीण छोटं ॲप लिहीत होतो. कोड गिटवर होता, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर.

एका संध्याकाळी लाईन गेली होती. लॅपटॉपची बॅटरी उतरत होती, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. तिने नवीन काम चढवलं होतं, म्हणून मी पुल केलं, म्हणजे ते माझ्या लॅपटॉपवर ओढून घ्यायला गेले. गिटने नकार दिला, कारण माझे कमिट न केलेले, म्हणजे गिटमध्ये पक्के न नोंदवलेले बदल पुसले गेले असते. मग मी ‘गिट स्टॅश’ करून माझे बदल तात्पुरते बाजूला ठेवले, पुल झालं, ‘गिट स्टॅश पॉप’ करून ते परत आणायला गेले, आणि स्क्रीनवर ‘कॉन्फ्लिक्ट’ आलं, म्हणजे दोन बदलांची टक्कर. तीन दिवसांचं काम गेलं असं वाटून मी गप्प बसले. आई म्हणाली, “काहून वं, काय हारपलं?”

काहीच हारपलं नव्हतं. त्याच मेसेजच्या शेवटच्या ओळीत गिटने सांगितलं होतं की स्टॅशची नोंद ठेवली आहे. पॉप सुरळीत झाला तरच गिट नोंद काढून टाकतं. कॉन्फ्लिक्ट आला तर नोंद यादीत तशीच राहते. ‘गिट स्टॅश लिस्ट’ केलं की दिसते. घाबरण्याआधी ही यादी बघा.

मग फाईल उघडा. ‘अपडेटेड अपस्ट्रीम’ या खुणेखाली पुलमधून आलेला कोड असतो, बरोबरच्या चिन्हांची रेघ असते, आणि तिच्याखाली ‘स्टॅश्ड चेंजेस’च्या खुणेपर्यंत तुमचा. माझ्या ओळीत वजन दशांशात घेतलं होतं, कारण आधीचा कोड साडेतेवीस किलोचे तेवीसच धरत होता. मैत्रिणीच्या ओळीत भाव तारखेप्रमाणे होता. हंगाम उतरतीला लागला की झाडावर बोंडं विरळ होतात, दिवसभरात कापूस कमी निघतो, म्हणून किलोमागे मजुरी वाढते. दोघींचे बदल एकाच ओळीवर आदळले.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या ॲपमध्ये इथे बटणं दिसतात. ‘अ‍ॅक्सेप्ट इनकमिंग’ दाबलं असतं तर माझी ओळ राहिली असती आणि हंगामाच्या शेवटी वेचणाऱ्या बाईला जुन्याच भावाने पैसे दाखवले असते. ‘अ‍ॅक्सेप्ट करंट’ दाबलं असतं तर अर्धा किलो बुडाला असता. ‘अ‍ॅक्सेप्ट बोथ’ने दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या असत्या आणि खालच्या ओळीने वरचं उत्तर पुसलं असतं. खरी ओळ दोन्हींपैकी कुठेच नव्हती: दशांशातलं वजन गुणिले त्या तारखेचा भाव. ती हाताने लिहावी लागली. माझ्या मते नवशिक्यांनी पहिले काही कॉन्फ्लिक्ट बटणांशिवायच सोडवावेत. समोरच्याने ती ओळ का बदलली हे समजून घेतल्याशिवाय जुळवणी नीट होत नाही. कळलं नाही तर फोन करून विचारा.

खुणा काढल्या, फाईल ‘गिट ॲड’ करून ती तयार आहे असं गिटला कळवलं की कॉन्फ्लिक्ट सुटला. इथे मर्जसारखं (दोन ब्रँच, म्हणजे कोडच्या दोन शाखा, एकत्र करताना असतं तसं) ‘कंटिन्यू’ काही नसतं, आणि लगेच कमिट करायलाच हवं असंही नाही. आईच्या वहीतल्या तीन नोंदी ॲपमध्ये टाकून बघितल्या. रकमा जुळल्या, तेव्हाच ‘गिट स्टॅश ड्रॉप’ करून ती नोंद काढून टाकली. आता तर मी पॉपऐवजी ‘गिट स्टॅश अप्लाय’च वापरते. तोही बदल परत आणतो, पण नोंद कधीच काढत नाही.

जुळवणी बिघडलीच तर ‘गिट रीसेट डॅश डॅश हार्ड’ने मागे येऊन पुन्हा अप्लाय करता येतं. पण त्याने कमिट न केलेलं बाकीचं कामही जातं, तेव्हा काय काय बदललेलं आहे ते आधी ‘गिट स्टेटस’मध्ये वाचा. कोड फारच पुढे गेला असेल तर ‘गिट स्टॅश ब्रँच’ आणि नवं नाव द्या. जिथे स्टॅश केला होता त्याच कमिटवरून नवी ब्रँच निघते, त्यामुळे बदल तिथे जसेच्या तसे बसतात.

ड्रॉप चुकून झाला तर? ड्रॉप करताना गिट एक लांबलचक हॅश, म्हणजे त्या नोंदीचा ओळख-कोड, छापतं. टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) बंद केलं नसेल तर तो हॅश ‘गिट स्टॅश अप्लाय’पुढे लिहा, बदल परत येतात. टर्मिनल बंद झालं असेल तर ‘गिट एफएससीके डॅश डॅश नो-रीफ्लॉग’ चालवा. ‘डँगलिंग कमिट’, म्हणजे कशालाही न जोडलेल्या नोंदी, म्हणून जे हॅश दिसतील ते एकेक ‘गिट शो’ने तपासा. मात्र दिवस घालवू नका. गिट साफसफाई करतं तेव्हा, सेटिंग बदललेली नसेल तर, दोन आठवड्यांपेक्षा जुन्या अशा बेवारस वस्तू काढून टाकते.

आणखी एक. साधा स्टॅश नव्या, अजून ॲड न केलेल्या फाईली उचलत नाही, त्या जागेवरच राहतात. त्याही हव्या असतील तर ‘गिट स्टॅश पुश डॅश यू’, आणि सोबत ‘डॅश एम’ लावून नाव द्या. त्या संध्याकाळच्या स्टॅशला मी नाव दिलं असतं तर ते असतं, ‘वजन दशांशात, भाव अजून जुना’.