कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी: कॉलेज सुरू होताना काय, कुणाकडून आणि कसं मागायचं

प्रवेश पक्का झाला की तास सुरू व्हायच्या आत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि अलीकडचा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) घेऊन कॉलेजच्या समान संधी कक्षाच्या, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या विभागाच्या, समन्वयकांना भेटा. कक्ष नसेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. ‘सहकार्य मिळावे’ एवढंच लिहिलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, कारण कुणी काय करायचं हे त्यातून कळत नाही. स्लाइड आदल्या दिवशी मिळाव्यात, वर्गात दाखवायच्या व्हिडिओला सबटायटल असावीत, तास रद्द झाल्याची सूचना लेखी यावी, असं एकेक काम सुटं लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम १६ चा उल्लेख जरूर करा. कर्णबधिरांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमातून शिक्षण मिळावं, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

या कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर कर्णबधिर आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारी व्यक्ती. ५० डेसिबलवाल्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळणं कठीण, पण मागच्या बाकावर त्याचेही हालच होतात. बसायची जागा, स्लाइड, लेखी सूचना यांसाठी प्रमाणपत्राची अट घालणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. प्रमाणपत्र नसलं तरी मागा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो बसण्याच्या जागेने. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. श्रवणयंत्र दोन्ही वाढवून देतं, म्हणून ‘मशीन लावलंय ना, मग ऐकू येत असेल’ हा समज चुकीचा आहे. दुसऱ्या बाकाची भिंतीकडची कड निवडा: शिक्षक जवळ राहतात आणि मान वळवली की प्रश्न विचारणारा मुलगाही दिसतो. ज्या कानाने बरं ऐकू येतं तो वर्गाच्या बाजूला ठेवा. शिक्षकांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर त्यांचा चेहरा काळा दिसतो. पडदा ओढायला सांगा. चेहरा स्वच्छ दिसला तरी पार, बार आणि मार हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे नवी संज्ञा फळ्यावर लिहिली गेलीच पाहिजे. आणि फळ्याकडे तोंड करून बोललेलं वाक्य तुमच्यापुरतं बोललंच गेलेलं नसतं, हे शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात सांगा.

रिमोट मायक्रोफोन (शिक्षकांचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारा छोटा माइक) घ्यायचा असेल तर तो तुमच्या यंत्राला जोडता येतो का, हे खरेदीआधी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला विचारा. तो शिक्षकांच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर हवा. टेबलावर ठेवला तर निम्मा फायदा जातो. मागून आलेला प्रश्न शिक्षकांनी मायक्रोफोनमध्ये पुन्हा म्हणावा, नाहीतर नुसती उत्तरं ऐकू येतात. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. यंत्राच्या झिंक-एअर (हवेवर चालू होणाऱ्या) बॅटरीचा स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तिला हवा लागू द्या, मग बसवा.

बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखं अ‍ॅप मराठीतही चालतं, पण ‘हा रिअ‍ॅक्शन रेट इथे कॉन्स्टंट धरायचा’ अशा मिश्र वाक्यात शास्त्रीय शब्दांचा चुराडा होतो. त्यावर विसंबून नोट्स बनवू नका. ओठ किंवा दुभाषी पाहायचा तर खाली मान घालून लिहिता येत नाही. दोन वर्गमित्रांच्या वह्यांची सोय कक्षामार्फत करून घ्या. दोन, कारण एक जण गैरहजर राहतोच.

सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळाला तर त्याला धडा आधी द्या. तासाभराहून मोठ्या व्याख्यानाला दोघे लागतात आणि ते २०-३० मिनिटांनी आळीपाळीने काम करतात; एकटा थकला की मजकूर गळायला लागतो. दुभाष्याने फळ्याशेजारी उभं राहावं. प्रोजेक्टरसाठी सगळे दिवे घालवले तर हात दिसत नाहीत, एक चालू ठेवायला सांगा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ मध्येच १०,००० शब्द होते. तरीही विषयातल्या बऱ्याच संज्ञांना खूण सापडत नाही. ती दुभाष्यासोबत ठरवून वहीत नोंदवा.

परीक्षेत वाढीव वेळ फक्त लेखनिक घेणाऱ्यांनाच मिळतो असं काही कार्यालयांत सांगतात. पण केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या, लेखनिक न घेणाऱ्या उमेदवारालाही ३ तासांच्या पेपरला किमान १ तास वाढवून देता येईल, असं म्हटलं होतं. अर्ज परीक्षेच्या फॉर्मसोबतच द्या. तोंडी परीक्षेचे प्रश्न लेखी मागा. पेपर चालू असताना पर्यवेक्षक ‘प्रश्न ४ मध्ये दुरुस्ती आहे’ असं तोंडी सांगून निघून जातात आणि तिथे हक्काचे गुण जातात. अशी प्रत्येक दुरुस्ती फळ्यावर लिहावी, हे त्याच अर्जात घाला आणि परीक्षेच्या दिवशी अर्जाची प्रत हॉल तिकिटासोबत न्या.