आधी मुलांचे माप, मग पुस्तक: परिसरातून शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

परिसरातून शिकवायला सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना झाडे, माती, पाणी, सावल्या यांची यादी सांगण्याची गरज नाही. मला सांगायचे आहे ते एकाच सापळ्याविषयी, कारण त्यातून बाहेर पडायला मला फार वेळ लागला: मुलांना बाहेर न्यायचे, मोजायला लावायचे आणि पुस्तकाशी जुळले नाही की त्यांचेच माप चुकीचे ठरवायचे.

काठीच्या सावलीचेच घ्या. सपाट जागी 1 मीटर उंचीची काठी सरळ उभी करून मुले दर 10 मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करतात. सर्वांत आखूड सावली 12 वाजता पडते, असे त्यांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात ती साडेबाराच्या सुमारास पडते, आणि एखादी मुलगी हळूच वहीतला आकडा खोडू लागते. तिला तिथेच थांबवा. तिचे माप बरोबर आहे. घड्याळ प्रमाणवेळेच्या रेखावृत्तानुसार चालते आणि त्याच्या पश्चिमेला दर अंशामागे मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच आणि सावली सर्वांत आखूड असण्याची वेळ, 4 मिनिटांनी उशिरा होते, पूर्वेला तितकेच लवकर. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे वर्षभरात मध्यान्हाची वेळ सुमारे पाव तासापर्यंत मागेपुढे सरकते. सावलीचे टोकही धूसर असते, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, तर आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापणारी तबकडी आहे. त्यामुळे दोन गटांच्या खुणांत थोडा फरक पडणारच. भूगोल आणि खगोल शिकवण्याची ही सगळी संधी त्या एका खोडलेल्या आकड्याबरोबर जाते.

तयार कृतिपत्रिकांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्याच जागेसाठी लिहिलेले प्रश्न तुमच्या आवाराला लागू पडत नाहीत, आणि मुले मग आजूबाजूला न पाहता रिकाम्या जागा भरतात. त्यापेक्षा आधी स्वतः जाऊन, तीच काठी रोवून, तासभर उन्हात थांबा. मार्गदर्शकही असाच शोधा, जो तुमच्याबरोबर येऊन मोजेल. केवळ उत्साहवर्धक भाषण देणाऱ्याचा इथे उपयोग नाही.

यात अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती बाळगू नका. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1892 मध्ये एडिंबरा येथील आउटलुक टॉवर ताब्यात घेऊन तिथली मांडणी अशी केली, की लोकांनी आधी गच्चीवरून आपले शहर पाहावे आणि खाली उतरताना मजल्यामजल्याने देश, खंड आणि जग समजून घ्यावे. काठीची सावलीही मुलांना तशीच रेखावृत्तांपर्यंत नेते, आणि आलेख काढताना गणितही होते. पहिल्या खेपेला गोंधळ होईल, काही मापे हातची जातील; त्याने खचू नका.

वहीत मात्र ‘पाहिले’ आणि ‘वाचले’ असे दोन रकाने ठेवा, खोडरबर वर्गातच राहू द्या आणि जिथे दोन्ही रकाने जुळत नाहीत, तिथूनच पुढचा तास सुरू करा.