फ्लेक्सवर रेघा पडतात? हेडला हात लावण्याआधी टेस्ट प्रिंट वाचा

फ्लेक्सवर पांढरी रेघ दिसली की आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत पहिला हात सॉल्व्हंटच्या सिरिंजकडे जातो. माझ्या मते शाईमुळे जितकी हेड खराब होत नाहीत, तितकी या घाईने होतात. हेड, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग, हा मशीनचा सर्वांत महाग सुटा भाग. शिवाय रेघ दिसली म्हणजे दोष हेडचाच, असं मुळीच नाही. तो डॅम्परमध्ये (हेडच्या आधी शाई गाळणाऱ्या छोट्या डबीत) असतो, केबलमध्ये असतो, रोल ओढणाऱ्या रोलरमध्ये असतो, कधी तर अर्थिंगमध्ये असतो. दारव्हा, मेहकर, आर्वी, ब्रह्मपुरी अशा ठिकाणी नागपूर-अमरावतीहून इंजिनिअर यायला दुसरा दिवस उजाडतो आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत तर तो फोनही उचलत नाही. म्हणून दोष कुठे आहे हे ओळखण्याचं काम दुकानातच व्हायला हवं. ते जमतं. त्यासाठी एक मल्टिमीटर, एक पट्टी आणि थोडा धीर लागतो.

पहिली पायरी : दोन टेस्ट प्रिंट, मध्ये क्लीनिंग नाही

चांगल्या, गुळगुळीत पांढऱ्या व्हिनाइलवर नोझल टेस्ट (हेडच्या प्रत्येक छिद्राची, म्हणजे नोझलची, एकेक रेघ छापणारी चाचणी) काढा. दहा मिनिटं मशीन तसंच ठेवा आणि दुसरी काढा. मध्ये पर्ज (दाबाने शाई बाहेर ढकलणं) नको, पुसणं नको. दोन्हींवर तारीख-वेळ लिहून त्या शेजारी-शेजारी ठेवा.

टेस्टमधली प्रत्येक बारीक रेघ म्हणजे एक नोझल. कोनिका ५१२ हेडला ५१२ नोझल दोन ओळींत असतात. एप्सन डीएक्स-५ ला १८० नोझलच्या आठ ओळी. जी रेघ गायब, ते नोझल शाई टाकत नाही, इतकं सोपं वाचन आहे. पिवळा रंग मात्र डोळ्यांना फसवतो. खोलीत अंधार करून मोबाईलच्या स्क्रीनवर पूर्ण निळा रंग उघडा आणि तो उजेड टेस्टवर धरा. पिवळ्या रेघा गडद दिसतात आणि तुटलेली जागा लगेच सापडते.

आता दोन्ही टेस्टची तुलना करा. सगळ्या निदानाचा पाया इथेच आहे. संत्र्याच्या बागेत ठिबकचं एकच छिद्र रोज कोरडं असलं तर ते चोंदलेलं असतं. आज इथलं झाड कोरडं, उद्या तिथलं, असं झालं तर आपण पंप आणि फिल्टर बघतो. नोझलचंही तसंच. दोन्ही टेस्टमध्ये त्याच जागच्या रेघा गायब असतील तर नोझल चोंदलं आहे किंवा विजेच्या बाजूने मेलं आहे. जागा बदलत असतील तर शाई नीट पोचत नाही किंवा नळीत हवा आहे. अशा वेळी हेड धुऊन काहीही साधत नाही.

रेघ आहे पण तिरकी गेली आहे, शेजारणीला चिकटली आहे? नोझलच्या तोंडाशी धागा, कापसाची कुसळ किंवा सुकलेली शाई आहे. पिवळ्यात काळा किंवा निळा मिसळतो आहे? कॅपिंग (थांबलेल्या हेडवरचं झाकण) आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) घाण आहेत, किंवा निगेटिव्ह प्रेशर (शाई हेडमध्ये धरून ठेवणारी हलकी ओढ) बिघडलंय. सलग मोठा गट किंवा पूर्ण ओळच एकदम गेली असेल, तर केबल आणि बोर्डाकडे संशय वळवा. अख्खी ओळ एका रात्रीत सहसा चोंदत नाही.

दुसरी पायरी : टेस्ट चांगली, तरी फ्लेक्सवर पट्टे

निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चार भरीव पट्टे १०० टक्के रंगात शेजारी-शेजारी छापा. रेघा एकाच रंगात आल्या तर हेडकडे परत जा. चारही रंगांतून सारख्या अंतरावर आरपार गेल्या तर दोष स्टेपचा, म्हणजे दर फेरीनंतर रोल पुढे सरकण्याचा आहे. पांढऱ्या रेघा म्हणजे रोल गरजेपेक्षा जास्त पुढे सरकतो, गडद रेघा म्हणजे कमी सरकतो.

पट्टीने अंतर मोजाच. कोनिका ५१२ एका फेरीत साधारण ३६ मिलिमीटर रुंदी छापतं, म्हणजे ४ पासला (एकच जागा चार फेऱ्यांत छापताना) स्टेप साधारण ९ मिलिमीटरची. डीएक्स-५ ची नोझल-ओळ एक इंचाची, म्हणजे ४ पासला सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. रेघांचं अंतर याच्याशी जुळलं की स्टेपचं कॅलिब्रेशन (मशीनच्या सेटिंगमधली जुळवणी) करा. जुळत नसेल, अंतर कमी-जास्त होत असेल, तर रोल घसरतोय : पिंच रोलर (फ्लेक्स दाबून धरणारी चाकं), रोलचा ताण, मागे लटकलेलं वजन बघा. आणि बऱ्याच मोठ्या पण ठरावीक अंतराने एकच डाग किंवा पट्टा परत येत असेल, तर फीड रोलरवर शाईचा गोळा चिकटलाय. रोलरचा घेर मोजला की खात्री पटते.

अक्षरांच्या उभ्या कडा दुहेरी दिसत असतील तर एका दिशेने छापून बघा. दोष गेला तर बाय-डायरेक्शन (येता-जाता दोन्ही दिशांच्या छपाईचं) कॅलिब्रेशन करायचं आहे. गेला नाही तर हेडची उंची तपासा. फ्लेक्सपासून हेड दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वर गेलं की थेंब भरकटायला लागतात. चित्र मध्येच आडवं सरकत असेल तर एन्कोडर पट्टीवर (हेड कुठे आहे ते मशीनला सांगणाऱ्या पट्टीवर) शाईचा थर आहे. ती धागे न सुटणाऱ्या कापडाने अगदी हलक्या हाताने पुसा. तिच्यावरचं छापील मोजमाप एकदा गेलं की पट्टी बदलावीच लागते.

तिसरी पायरी : सुरुवात झकास, मीटरभराने फिकट

भरीव रंगाचा मीटरभर पट्टा छापा आणि संपताक्षणी नोझल टेस्ट काढा. काही नोझल गायब दिसले, पण पंधरा मिनिटं थांबल्यावर आपोआप परत आले, तर हेड उपाशी राहतंय. डॅम्परचा फिल्टर चोंदलाय, नळीत हवेचे बुडबुडे आहेत किंवा सब-टँकचा (हेडला शाई देणाऱ्या छोट्या टाकीचा) फ्लोट अडकलाय. डॅम्पर स्वस्त असतो, आधी तोच बदला. निगेटिव्ह प्रेशरच्या मशीनवर काटाही बघा : कमी असेल तर हेडखाली थेंब लोंबतात, जास्त असेल तर नोझल उलट हवा ओढतात. किती असावं ते मशीनच्या पुस्तिकेतलंच धरा, शेजारच्या दुकानातलं नको.

चौथी पायरी : केबलची अदलाबदल

त्याच जागचे नोझल सतत गायब असतील आणि मशीनवर एकाच जातीची दोन हेड असतील, तर दोघांच्या डेटा केबल हेडच्या बाजूने बदलून बघा. मशीन बंद, प्लग बाहेर, पाच-दहा मिनिटं थांबणं, हात कोरडे. चालू मशीनवर केबल काढली किंवा तिरकी बसवली तर चांगलं हेडही जळतं. बदलल्यावर दोष दुसऱ्या हेडवर गेला तर हेड चांगलं आहे, बोर्ड किंवा केबल खराब. तिथेच राहिला तर हेडच.

एक अपवाद जिवापाड सांभाळा. हेड न थांबता भरीव रंग ओतत असेल, तर लगेच मशीन बंद करा आणि अदलाबदल करू नका. शॉर्ट झालेला भाग सोबतच्या चांगल्या भागालाही घेऊन बसतो.

पाचवी पायरी : आता क्लीनिंग

चोंदल्याची खात्री झाली तरच. आपल्या शाईचंच क्लीनिंग लिक्विड वापरा. बाजारातला रंगाचा थिनर हेडच्या आतले चिकटवलेले जोड सोडवतो. मऊ फोमची काडी, एकाच दिशेने, न घासता. मशीनची क्लीनिंग दोनदा केली की तासभर थांबा. एकापाठोपाठ पाच-सहा वेळा केली की शाईत फेस होतो आणि नव्याच जागचे नोझल जातात. एवढ्याने नाही सुटलं तर लिक्विडने भिजवलेला मऊ, धागे न सुटणारा पॅड रात्रभर नोझल-प्लेटला टेकवून ठेवा. सिरिंजने जोर लावू नका. नोझलचं छिद्र केसापेक्षाही बारीक असतं, आणि मागून दाबलेला कचरा त्यातच कायमचा बसतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि मशीनजवळ अगरबत्तीसुद्धा नको. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते.

आपल्या हवेचा हिशेब

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, हवा खडखडीत कोरडी होते. नोझलच्या तोंडाशी शाई लवकर सुकते आणि फ्लेक्सवर स्थिर वीज साचते. अक्षरांच्या कडेला शाईचं बारीक धुकं दिसलं, रोल ओढताना हातावरचे केस उभे राहिले, तर समजा की हेड निर्दोष आहे. कूलर खोलीत जरूर लावा, ओलाव्याने स्थिर वीज कमी होते, पण त्याचा झोत मशीनवर पडू देऊ नका. झोत थेंबांना ढकलतो आणि गवताच्या पॅडची धूळ थेट कॅपिंगवर आणून टाकतो. पावसाळा लागला की कूलर बंद, नाहीतर बोर्डावर ओल धरते.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तशी अर्थिंगच्या खड्ड्याची पकडही सुटते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजा. एक-दोन व्होल्टच्या वर दिसला तर खड्ड्यात पाणी घाला, आणि तरी उतरला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. लाईट गेली की हेड उघड्यावर अडकतं. त्यामुळे निदान कॅरेज (हेड वाहून नेणारा भाग) कॅपिंगवर जाईपर्यंत पुरेल एवढा यूपीएस हवाच. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानांनी दार बंद ठेवून रोज संध्याकाळी वायपर पुसावा.

एवढं करूनही नोझल परत आले नाहीत, तर इंजिनिअरला फोन करण्याआधी साहित्य जमवा : पहिल्या दिवसापासूनच्या तारखा घातलेल्या टेस्ट प्रिंटचे दिवसाच्या उजेडात सरळ वरून काढलेले फोटो, हेडचं मॉडेल, शाईचं नाव, केबल बदलल्यावर काय झालं ते, आणि डॅम्पर शेवटचा कधी बदलला ते. हे व्हॉट्सअ‍ॅपवर आधी गेलं की तो येतानाच बरोबर सुटा भाग घेऊन निघतो. वापरलेलं हेड विकत घ्यायची वेळ आली, तर विकणाऱ्याच्या मशीनवर त्याची टेस्ट तुमच्यासमोर दोनदा काढून घ्या, मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवून.