उन्हाने करपलेल्या त्वचेसाठी वनस्पतिजन्य गोळ्या घेण्यापूर्वी

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, दुचाकीवर हिंडणाऱ्यांच्या दंडावर बाहीच्या कडेपाशी काळसर रेघ उमटते आणि मग औषधाच्या दुकानातील ‘नैसर्गिक’ गोळ्यांचा मोह होतो. त्यांपैकी लायकोपीनला, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या द्रव्याला, खरोखर काही आधार आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासह घेणाऱ्यांच्या त्वचेवर अतिनील किरणांमुळे येणारी लाली दहाव्या आठवड्यात सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. चौथ्या आठवड्यात मात्र ठळक फरक नव्हता, त्यामुळे पंधरवड्यात निकालाची अपेक्षा धरू नये. लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलासोबत अधिक शोषले जाते, म्हणून तेल सुटेपर्यंत परतलेली टोमॅटोची चटणी मला महागड्या गोळीपेक्षा अधिक पटते.

धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या (गाजराला नारिंगी रंग देणाऱ्या द्रव्याच्या) मोठ्या मात्रेच्या गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. हिरव्या चहाच्या तीव्र अर्कामुळे क्वचित यकृताला इजा होते. गोळी चालू असली तरी सनस्क्रीन, पूर्ण बाह्या आणि डोक्यावरचा पंचा सोडू नये. आकार वा रंग बदलणारा डाग त्वचारोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावा.