दहशतवादविरोधी कायद्यांचा मुस्लिम समाजावरील परिणाम कसा अभ्यासावा

दहशतवादविरोधी कायद्याच्या संहितेत सहसा कोणत्याही धर्माचे नाव नसते. त्यामुळे या कायद्यांचा मुस्लिम समाजावर काय परिणाम झाला हे शोधणारा अभ्यासक केवळ कलमे वाचून थांबला तर त्याच्या हाती काही लागत नाही, आणि केवळ किती जणांना शिक्षा झाली एवढेच मोजले तर जे लागते ते फार थोडे असते. परिणामाचा मोठा भाग शिक्षेच्या कितीतरी आधी, म्हणजे अडवणूक, चौकशी, नोंदणी, कोठडी आणि नाकारलेला जामीन या टप्प्यांवर घडून गेलेला असतो. अभ्यासाची आखणी याच टप्प्यांना धरून करावी.

कायदा वाचताना दहशतवादाची व्याख्या किती सैल आहे, संशयाला आधार लागतो की नाही, आरोपपत्राशिवाय किती दिवस ठेवता येते आणि जामिनाची अट काय आहे, हे आधी टिपून घ्यावे. भारतातील 1967 च्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्यानुसार न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडी देता येते. शिवाय आरोप प्रथमदर्शनी खरे मानण्यास वाजवी कारण असल्याचे न्यायालयाला वाटले, तर कलम 43ड(5) मुळे जामीन मिळत नाही. खटला दीर्घकाळ रेंगाळल्यास घटनेच्या अनुच्छेद 21 च्या आधारे जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. तरीही मधली वर्षे तुरुंगात गेलेली असतात. मालेगावच्या 2006 च्या स्फोट प्रकरणात आरोपी केलेल्या मुस्लिम पुरुषांना 2016 मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले, तर गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरील 2002 च्या हल्ल्याच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांसह सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये निर्दोष ठरवले. ‘सुटले’ या एका शब्दाने अशा प्रकरणाची नोंद बंद करणे हा माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा अन्याय आहे. अटकेची तारीख, आरोपपत्राची तारीख, जामीन अर्जांच्या तारखा आणि सुटकेची तारीख यांचा तक्ता प्रत्येक प्रकरणासाठी करावा. कायदा रद्द झाला म्हणजे परिणाम संपला असेही धरू नये. टाडा या भारतातील जुन्या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत 1995 मध्ये संपली, पण त्याखालील खटले पुढे अनेक वर्षे चालले.

आकडेवारी वापरताना ती काय मोजते आणि काय मोजतच नाही, हे दोन्ही लिहावे. ब्रिटनमध्ये 2000 च्या दहशतवाद कायद्यातील कलम 44 नुसार वाजवी संशय नसतानाही झडती घेता येत असे. 2009-10 या वर्षात अशा एक लाखाहून अधिक झडत्या झाल्या आणि त्यांतून दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी एकही अटक झाली नाही. जानेवारी 2010 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा अधिकार खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारा ठरवला. मात्र तिथल्या अधिकृत नोंदी वंशानुसार केलेल्या असतात, धर्मानुसार नव्हे. ‘आशियाई’ या रकान्यात हिंदू आणि शीखही येतात, तर आफ्रिकी वंशाचे मुस्लिम त्याबाहेर राहतात. अशा आकड्यावरून मुस्लिमांविषयी निष्कर्ष काढायचा असेल, तर तो अंदाज आहे हे त्याच वाक्यात सांगावे.

काही उपाय मुळातच राष्ट्रीयत्वावर बेतलेले असतात आणि तिथे चित्र अधिक उघड दिसते. अमेरिकेने 2002 मध्ये सुरू केलेल्या परदेशी नागरिकांच्या विशेष नोंदणीत 25 देशांतील सोळा वर्षांवरील पुरुषांना हजर राहावे लागले; त्यांपैकी उत्तर कोरिया वगळता जवळपास सर्व देश मुस्लिमबहुल होते. ऐंशी हजारांहून अधिक जणांनी नोंदणी केली आणि तेरा हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, पण या नोंदणीतून दहशतवादाची एकही शिक्षा झाली नाही.

कायद्याबाहेरची धोरणेही तपासावीत. बर्मिंगहॅममध्ये 2010 साली प्रामुख्याने मुस्लिम वस्ती असलेल्या भागांत सुमारे दोनशे कॅमेरे बसवले गेले. ते सर्वसाधारण गुन्हे रोखण्यासाठी असल्याचे रहिवाशांना सांगण्यात आले होते, परंतु पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे उघड झाल्यावर कॅमेरे काढावे लागले, पण गमावलेला विश्वास तेवढ्याने परत येत नाही. ब्रिटनमध्येच 2015 पासून शाळा, विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्यावर अतिरेकी विचारांकडे ओढल्या जाण्यापासून लोकांना रोखण्याचे कायदेशीर कर्तव्य आले. तेव्हा शिक्षक आणि डॉक्टर यांच्याशी असलेल्या नात्यात काय बदलले, हाही अभ्यासाचा प्रश्न ठरतो.

हे बदल कागदपत्रांत सापडत नाहीत. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतात. ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असे विचारण्याऐवजी ‘तुम्ही काय करायचे सोडून दिले?’ असे विचारावे. वर्गातील चर्चेत बोलणे, धर्मादाय संस्थेला जकात (इस्लाममधील अनिवार्य दान) देणे, प्रवास, एखाद्या सभेला जाणे, फोनवर राजकारणाविषयी बोलणे, अशा गोष्टी लोक गाजावाजा न करता थांबवतात आणि कुठल्याही तक्त्यात त्यांची नोंद होत नाही. स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण अटक पुरुषाची झाली तरी वकील शोधणे, भेटीसाठी तुरुंगात जाणे, घरखर्च चालवणे आणि शेजाऱ्यांच्या नजरा झेलणे बहुधा त्यांच्या वाट्याला येते. मुस्लिम समाज एकजिनसी नाही. कडक कायद्यांना पाठिंबा देणारे आणि स्वतः दहशतवादी हल्ल्यांत आप्त गमावलेले मुस्लिमही आहेत, आणि त्यांचे म्हणणे वगळून केलेला अभ्यास अपुरा राहतो.

भेदभावाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी तुलना करावी: तशाच कृत्यासाठी दुसऱ्या धर्माच्या किंवा विचारसरणीच्या आरोपींना कोणते कलम लावले गेले, त्यांना जामीन किती दिवसांत मिळाला, हे पाहावे. सरकारचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावा आणि मगच तो तपासावा.

मुलाखतीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण काही देशांत दहशतवादी कृत्याविषयीची माहिती पोलिसांना न देणे हाच गुन्हा आहे, आणि त्यामुळे संपूर्ण गोपनीयतेचे वचन देता येत नाही. ही मर्यादा समोरच्याला बोलणे सुरू होण्याआधी सांगावी. चालू खटल्याच्या तपशिलाविषयी विचारू नये. नावे बदलणे पुरेसे नसते. गाव, व्यवसाय आणि अटकेचे वर्ष एकत्र आले की माणूस ओळखू येतो, म्हणून मसुदा आधी त्या व्यक्तीला वाचायला द्यावा आणि तिने खोडलेले वाक्य कारण न विचारता काढून टाकावे.