हाउगेन आडनावाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

ऊले हान्सेन हाउगेन. असं नाव जुन्या नॉर्वेजियन कागदात दिसलं की मराठी वाचक ते आपल्या सवयीनं वाचतो: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पहिले दोन तुकडे बरोबर आहेत. हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा. घोटाळा तिसऱ्यात होतो. एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांत 'हाउगेन' हे बहुधा घराण्याचं नाव नसून राहत्या शेतवाडीचा पत्ता होता. ऊले उद्या डोंगराखालच्या 'बाक्केन' नावाच्या वाडीवर राहायला गेला, तर पुढच्या नोंदीत तो ऊले हान्सेन बाक्केन. माणूस तोच, पत्ता बदलला. आपल्याकडचा चिपळूणकर पुण्यात येऊन पिढ्या गेल्या तरी चिपळूणकरच राहतो. तिकडे तसं नव्हतं. शोध अडकतो तो बहुतेक वेळा इथेच.

शेवटचं 'एन' आणि 'सेन' यांची गल्लत

'हाउग' म्हणजे टेकाड, उंचवटा. जुन्या नॉर्स भाषेत 'हाउग्र'. नॉर्वेजियनमध्ये 'ते अमुक' असं निश्चित सांगायचं तर शब्दाच्या शेवटी 'एन' जोडतात. म्हणून हाउगेन म्हणजे ते टेकाड. या 'एन'चा हान्सेन, ऊल्सेनमधल्या 'सेन'शी काही संबंध नाही. 'सेन' म्हणजे मुलगा. 'हाउग नावाच्या माणसाचा मुलगा' असा अर्थ काही ठिकाणी दिलेला दिसतो, तो सरळ चूक आहे. बाक्केन (उतार), मूएन (माळ), हागेन (कुंपण घातलेली जागा), मीरेन (दलदल) ही सगळी याच घडणीची आडनावं.

दुसरी हौशी चूक म्हणजे प्रत्येक हाउगेनच्या पोटात व्हायकिंग राजा पुरलेला असणार, ही समजूत. तिला थोडा आधार आहे. 'हाउग' हा शब्द थडग्यावर रचलेल्या मातीच्या ढिगालाही वापरतात, आणि गोकस्टाड (1880) व ऊसेबर्ग (1904) ही प्रसिद्ध जहाजं अशाच ढिगांतून उकरून काढली. पण बहुसंख्य हाउगेन वाड्यांना नाव मिळालं ते घरामागच्या साध्या टेकाडावरून. ठरवायचं कसं? राष्ट्रीय पुरातत्त्व खात्याचं 'कुल्तुरमिन्नेसोक' हे नकाशाचं संकेतस्थळ उघडा आणि त्या वाडीच्या आसपास नोंदलेला दफनढिगारा आहे का ते पाहा. नसेल तर दंतकथेला फाटा द्या.

तिसरी समजूत अशी की हाउगेन लोक म्हणजे हान्स नील्सेन हाउगे (1771–1824) या धर्मप्रचारकाचे अनुयायी. अनुयायांना 'हाउगियानेर' म्हणत, ती चळवळ झाली, आडनाव नव्हे. खुद्द हाउगेचं नावही शेतवाडीवरूनच आलेलं: नील्सेन म्हणजे नील्सचा मुलगा, आणि हाउगे ही ते कुटुंब राहत होतं ती वाडी.

हाउग, हाउगे, हाउगेन, हाउगान, हागेन: कोणते एक, कोणते वेगळे

पहिले चार शब्द एकाच मुळाचे. 'हाउगे' हे जुन्या चतुर्थी विभक्तीचं रूप, 'टेकाडावर' अशा अर्थाचं. पश्चिम किनाऱ्याकडे ते जास्त भेटतं. 'हाउगान' त्र्योनेलाग भागाच्या बोलीतलं. मूळ एक म्हणून कुटुंब एक असं मात्र धरू नका. उलट, कुटुंब एक असूनही लिहिण्यात रूपं वेगळी असू शकतात, कारण लिहिणारा पाद्री डॅनिश वळणाचं लिहायचा. 'हाउगेन'मधल्या 'ए-यू' या अक्षरांच्या जागी 'ओ-यू' आलं तर दचकू नका, ती जुनी लेखनपद्धत आहे.

'हागेन' मात्र वेगळा शब्द आहे आणि सर्वांत जास्त चकवा तोच देतो. एक 'यू' गळला की टेकाडाचं कुंपण होतं, आणि नकलून घेणाऱ्यांच्या हातून तो गळतो.

एकाच मुळाची दोन नावं शेजारी आली की काय होतं, याचा एक नमुना क्रीडाइतिहासात आहे. 1924 च्या शामोनी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की-उडीचं कांस्यपदक नॉर्वेच्या थूर्लाइफ हाउगला दिलं गेलं. चौथा आला अमेरिकेकडून खेळणारा, टेलेमार्कमधल्या बू इथे जन्मलेला आन्डेर्स हाउगेन. गुणांची बेरीज चुकल्याचं पन्नास वर्षांनी लक्षात आलं, आणि 1974 मध्ये हाउगच्या मुलीनं ते पदक म्हाताऱ्या हाउगेनच्या हाती दिलं. दोघांचं काही नातं नव्हतं. आडनावांच्या याद्यांमध्ये मात्र हाउग आणि हाउगेन बिनदिक्कत एका कुळात कोंबलेले आढळतात.

'आडनाव एक, म्हणजे घराणं एक'

सर्वांत महागात पडणारी चूक ही. नॉर्वेत हाउगेन नावाच्या वाड्या शेकड्यांनी आहेत; टेकाड नसलेलं खोरं तिथे सापडायचं नाही. त्यांतल्या पुष्कळशा वाड्या स्वतंत्र शेतंही नव्हत्या. मोठ्या शेताच्या कडेला 'हूसमान' म्हणजे कूळ राहायचं, मालकाच्या शेतावर राबायचं आणि बदल्यात तुकडाभर जमीन कसायचं. अशा वस्तीलाही हाउगेन म्हणत. जुन्या नोंदींत शेतवाडीच्या नावाला 'आइए' हे शेपूट दिसलं, तर ते नवं नाव समजू नका. ते त्या शेताच्या मालकीतलं कुळाचं ठिकाण असतं.

नाव रक्तानं पुढे जायचं असंही नाही. शेताच्या वारस मुलीशी लग्न करून आलेला जावई त्या शेताचंच नाव लावायचा. दोन सख्खे भाऊ, एक घरच्या वाडीवर राहिलेला आणि दुसरा सासुरवाडीच्या शेतावर गेलेला, दोन वेगवेगळी 'आडनावं' लावून मरायचे. म्हणून पितृवंशाच्या डीएनए चाचणीत दोन हाउगेन जुळले नाहीत तर त्यात नवल नाही. पैसे खर्च करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

कायमचं आडनाव सर्वांना सक्तीचं झालं ते 1923 च्या नामकायद्यानं. शहरांत आणि सुशिक्षितांत ते आधीच रूढ होत होतं, पण खेड्यातल्या बहुतेकांनी त्या सुमारास हातात असलेलं नाव गोठवलं: कुणी हान्सेन, कुणी हाउगेन. आजच्या कायद्यानुसार (1 जानेवारी 2003 पासून लागू) नॉर्वेत 200 किंवा त्याहून कमी लोकांकडे असलेलं आडनाव त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही. हाउगेन त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे, त्यामुळे ते कुणालाही घेता येतं. आज हाउगेन असलेल्याचे पणजोबा हाउगेन होते, याची यात काही हमी नाही.

कुलचिन्हांबद्दल एका ओळीत: शेतकरी घराण्यांना ढाल-तलवारीची चिन्हं सहसा नव्हतीच, तेव्हा 'हाउगेन घराण्याचं राजचिन्ह' छापलेला मग घ्यायचा तर मग म्हणून घ्या.

शोध चालत नाही, तेव्हा काय तपासायचं

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'डिजिटालआर्किवे' मोफत आहे. 1801, 1865, 1875, 1900, 1910 आणि 1920 या जनगणना तिथे माणसाच्या नावानं शोधता येतात. 1930 ची शंभर वर्षं पूर्ण होईपर्यंत बंद आहे, ती शोधत बसू नका.

आडनावाच्या रकान्यात 'हाउगेन' टाकून शून्य उत्तरं आली? हे 1801 आणि 1865 मध्ये नेहमी घडतं. तिथे माणूस 'ऊले हान्सेन' एवढाच नोंदलेला असतो आणि हाउगेन हे घराच्या, म्हणजे राहत्या ठिकाणाच्या रकान्यात असतं. उपाय असा: पहिलं नाव, वडिलांवरून आलेलं नाव, जन्मवर्ष दोन वर्षं मागेपुढे आणि प्रशासकीय विभाग भरा, वाडीचं नाव ठिकाणाच्या रकान्यात टाका. माणूस सापडला की त्या वाडीचं अख्खं पान उघडा, सोबत राहणारी माणसं बघा.

जन्मवर्ष जुळत नाही? 1865 च्या जनगणनेत चालू असलेलं वर्ष धरून वय लिहिलंय. 30 लिहिलं असेल तर 1865 मधून 30 वजा करून 1835 धरू नका. हिशेब 1866 मधून करा, म्हणजे 1836. 1875 मध्ये थेट जन्मवर्ष आहे, तर 1910 मध्ये पूर्ण जन्मतारीख. त्यामुळे सुरुवात 1910 पासून करून मागे जाणं सोपं. तिथे मिळालेली तारीख चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत लावून बघितली की माणूस पक्का होतो.

वाडीच सापडत नाही? जुन्या गॉथिक हस्ताक्षरात 'यू' आणि 'एन' ही अक्षरं जवळपास सारखीच दिसतात, दोन खालीवर रेघा. ओळखू यावं म्हणून लिहिणारा 'यू'च्या डोक्यावर छोटी कमान काढायचा. ती पुसट असली की संगणकात नोंद करणारा हाउगेनचं 'हांगेन' करून ठेवतो. म्हणून पूर्ण शब्द न टाकता आधी 'एच', मग तारा (* हे चिन्ह, म्हणजे मधे कोणतीही अक्षरं चालतील), मग 'जी-ई-एन' असं शोधा. हागेन, हांगेन आणि ओ-यूवालं रूप, सगळं एकदम पदरात पडेल. मग मूळ पानाचं चित्र उघडून कमान डोळ्यांनी बघा. नकलेवर विसंबू नका.

एकाच गावात तीन हाउगेन निघाले? मग दिशा आणि क्रमांक लागतात. नूर्द्रे म्हणजे उत्तरेकडचं, सून्द्रे दक्षिणेकडचं, नेद्रे खालचं. आडवी रेघ मारलेल्या 'ओ'चं एकच अक्षर आणि पुढे टिंब असेल तर सावध राहा, ते 'ओव्रे' (वरचं) असू शकतं किंवा 'ओस्त्रे' (पूर्वेकडचं). खरी ओळख 1886 च्या जमीन-नोंदवहीतल्या क्रमांकाची: आधी शेताचा, मग त्यातल्या हिश्शाचा, मध्ये तिरकी रेघ. 1838 च्या वहीत क्रमांक वेगळे आहेत, दोन्हींची सरमिसळ करू नका. 1960 च्या दशकात आणि 2020 मध्ये नगरपालिका एकत्र केल्या, तेव्हाही बऱ्याच ठिकाणी क्रमांक बदलले. टिपण करताना क्रमांकाशेजारी वर्ष आणि त्या वेळच्या नगरपालिकेचं नाव लिहायची सवय लावा.

नावाच्या अर्थासाठी ऊलुफ रीग यांची 'नोर्स्के गोर्नाव्ने' ही खंडमाला (पहिला खंड 1897) अजूनही पहिला आधार आहे. पण तिच्यात नोंदणीकृत शेतं येतात, कुळांच्या वस्त्या सहसा नाहीत. तुमचं हाउगेन तिथे नसेल तर ते अस्तित्वातच नव्हतं असा निष्कर्ष काढू नका. त्या गावाचा 'बिग्देबूक', म्हणजे वाडीवार लिहिलेला स्थानिक इतिहास, मिळवा. कुळवस्त्या बऱ्याचदा तिथे भेटतात.

बायकांची नावं

कारी ऊल्सदात्तेर म्हणजे ऊलेची मुलगी कारी. लग्नानंतरही ती ऊल्सदात्तेरच राहायची, नवऱ्याच्या वडिलांचं नाव तिला कधीच लागत नसे. तिला 'कारी हान्सेन' म्हणून शोधणं व्यर्थ. नवऱ्याच्या वाडीचं नाव मात्र मागे लागायचं, कारण ती तिथे राहायची. म्हणजे 'कारी ऊल्सदात्तेर हाउगेन'वरून तिचं माहेर हाउगेन होतं की सासर, हे नुसत्या नावावरून कळत नाही. लग्नाची नोंद काढा, तिथे वडिलांचं नाव मिळतं.

अमेरिकेत गेलेले हाउगेन

1825 मध्ये स्ताव्हांगेरहून 'रेस्टाउरासियून' हे छोटं गलबत निघालं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. तिकडे एक कायमचं नाव निवडावं लागे. एक भाऊ ऊल्सन झाला, दुसरा हाउगेन. म्हणून जहाजाच्या यादीत फक्त एकाच नावानं शोधू नका, दोन्हींनी शोधा.

'एलिस बेटावरच्या कारकुनानं आमचं नाव बदललं' ही कथा घरोघरी सांगतात. न्यूयॉर्कजवळचं ते स्थलांतरितांचं प्रवेशकेंद्र 1892 मध्ये सुरू झालं, आणि तिथले कारकून जहाजाबरोबर आलेल्या यादीवरून नावं तपासत. 1860 च्या दशकात निघालेला माणूस तर बहुधा कॅनडातल्या क्वेबेक बंदरात उतरला. नॉर्वेच्या बाजूनं पाहायचं तर क्रिस्तियानियाच्या (आजचं ऑस्लो) पोलिसांच्या स्थलांतर-नोंदवह्या 1867 पासून आहेत.

उच्चारही समुद्र ओलांडताना बदलला. नॉर्वेत पहिलं अक्षर 'हॅउ'सारखं, 'ग' स्पष्ट. अमेरिकेत पुष्कळदा 'हॉगन' ऐकू येतं. मराठीत 'हाउगेन' लिहिणं ही मधली वाट.

आकडे वाचताना

नॉर्वेच्या सांख्यिकी खात्याच्या नावशोधात हाउगेनचा आकडा गेल्या दशकात चौदा हजारांच्या आसपास होता, म्हणजे साडेतीनशे-चारशे माणसांत एक. पहिली दहा आडनावं सगळी 'सेन'ची, हान्सेन पन्नास हजारांच्या वर. शेतवाडीवरून आलेल्या नावांत बर्ग पुढे, त्यामागे हाउगेन, आणि त्याला अगदी खेटून हागेन. एखाद्या यादीत हाउगेन आणि हागेन यांची जागा उलटसुलट दिसली, तर आधी ती कोणत्या वर्षाची ते पाहा. जोडआडनावं धरली आहेत का, हाउगे आणि हाउगान वेगळे मोजले आहेत का, हेही विचारा. तीन किंवा त्याहून कमी लोकांकडे असलेल्या नावाचा आकडा हे खातं दाखवतच नाही, त्यामुळे एखाद्या विचित्र लेखनरूपापुढे काहीच आलं नाही तर ते नाव संपलं असं मानू नका.